सहाव्या वळणावरचा ढग

डोंगराच्या पायथ्याला एका रस्त्याचे दोन रस्ते होतात, तिथे चौकशीची एक खिडकी होती आणि त्या खिडकीमागे सव्वीस वर्षं एकच बाई बसत आली होती. तिला नाव होतं, नव्हतं असं नाही. पण ते हजेरीच्या कागदापुरतं उरलं होतं. ड्रायव्हर मंडळी तिला चौकशीबाई म्हणायची. पुढे टपालवालाही म्हणायला लागला, मग शेजारीण म्हणायला लागली, आणि एकदा दवाखान्यात नर्सनेच ‘चौकशीबाई, आत या’ म्हणून हाक मारली, तेव्हा तिने नावाचा नाद सोडून दिला.

दिवसभर तिला एकच प्रश्न विचारला जायचा. ‘वरून जाऊ की खालून?’ खालचा रस्ता नदीच्या कडेकडेने डोंगराला वळसा घालून जायचा. सपाट, बिनधोक, आणि इतका कंटाळवाणा की ड्रायव्हर तोंडात काहीतरी चघळत ठेवायचे, नाहीतर डोळा लागायचा. वरचा रस्ता तेवीस वळणं घेत माथ्यावर चढायचा आणि पलीकडे उतरायचा. त्याने तीन तास वाचायचे, शिवाय वरून जे दिसायचं त्यासाठी लोक कुठून कुठून गाड्या घेऊन यायचे. खिडकीबाहेरच्या खांबाला पत्र्याची पाटी टांगलेली होती. एका अंगाला ‘वरचा रस्ता चालू’, दुसऱ्या अंगाला ‘वरचा रस्ता बंद’. ती पाटी फिरवायचा अधिकार चौकशीबाईचा. बाईने त्याची कधी मिजास केली नाही. पाटी फिरवायला उठताना खुर्चीवरून जरा सावकाश उठायची, एवढंच.

आता गंमत अशी, की त्या रस्त्याची खडान्‌खडा माहिती असलेली ही बाई तिसऱ्या वळणाच्या पलीकडे कधी गेलेलीच नव्हती. तिला गाडी लागायची. थोडीथोडकी नव्हे, बसमध्ये चढून तिकीट हातात येईपर्यंतच तिचा चेहरा उतरायचा. लहानपणी वडिलांनी एकदा डांबराच्या ट्रकमध्ये पुढे बसवून तिला वर न्यायचं ठरवलं. तिसऱ्या वळणावर तिने वडिलांच्या साहेबांच्या कोऱ्या करकरीत बुटांवर जे काही केलं, त्याची आठवण साहेब निवृत्त होईपर्यंत काढत राहिले. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

पण बसल्या जागेवरून तिने तो रस्ता तुकड्या-तुकड्याने जमवला होता. येणारा-जाणारा एकेक ड्रायव्हर काहीतरी देऊन जायचा. कुणी सांगायचा, नवव्या वळणाच्या कड्यावरून भर उन्हाळ्यातही पाणी झिरपतं. कुणी सांगायचा, पंधराव्याला तीन तळी एका ओळीत दिसतात आणि तिघांचे रंग वेगळे. सतराव्याला म्हणे संध्याकाळी समोरच्या डोंगराची सावली दरी ओलांडून चढत येते आणि पायाखालच्या वस्तीत तासभर आधी दिवे लागतात. दुपारी दोन-अडीचला रहदारी थंडावली की चौकशीबाई हनुवटीला हात लावून बसायची आणि मनातल्या मनात वर निघायची. पोटात ढवळायचं नाही, डोकं गरगरायचं नाही. कठड्याच्या कडेने गाडी नुसती तरंगत जायची, दरीतून गार वारा गालाला लागायचा, तळी एकापाठोपाठ एक उघडायची. माथ्यावर पोहोचेपर्यंत समोरचा चहा गार झालेला असायचा.

‘सगळ्यात सुंदर कुठे दिसतं हो?’ असं कुणी विचारलं की ती डोळे अर्धवट मिटून सांगायची, ‘सतराव्याला थांबा. घाई करू नका. आधी इंजिन बंद करा, मग बघा.’ असं सांगायची की ऐकणारा उभ्या उभ्याच गाडीची किल्ली चाचपायचा. आपण थापा मारतोय असं तिला कधी वाटलं नाही. सव्वीस वर्षं ती रोज दुपारी तिथे जाऊन येत होती, आणखी काय पाहिजे?

ढगाचं काम मात्र स्वप्नावर चालत नव्हतं. ढग डोंगरावर किती खाली उतरलाय ते खिडकीतून दिसायचं नाही, मध्ये एक टेकाड आडवं यायचं. म्हणून वरून उतरून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ती विचारायची, ‘दिवे कुठे बंद केलेत?’ ढगात शिरलं की दिवे लावावे लागतात, ढगातून सुटलं की माणूस ते आपसूक बंद करतो. ज्या वळणावर दिवे बंद झाले, तिथवर ढग. इतकं साधं. फक्त त्यात एक ग्यानबाची मेख होती. अलीकडचे ड्रायव्हर वळणं खालून मोजायचे, आणि पलीकडच्या गावांतले माथा ओलांडून येणारे ड्रायव्हर वरून मोजायचे. ज्याचं घर ज्या बाजूला, त्याचं पहिलं वळण त्या बाजूचं. दोघेही ‘सहावं’ म्हणायचे आणि दोघांच्या सहाव्यामध्ये अर्धा डोंगर असायचा. चौकशीबाई तोंड बघून ओळखायची: हा पलीकडचा, म्हणजे चोवीसातून वजा, सहाव्याचं झालं अठरावं. शिवाय दोन ड्रायव्हरांचं बोलणं जुळल्याशिवाय पाटी ‘चालू’ करायची नाही, असा तिचा स्वतःचाच नियम होता. सव्वीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. हे ती कुणाला सांगायची नाही, पण मनाशी रोज एकदा म्हणून घ्यायची.

तिचे वडील त्याच वरच्या रस्त्यावर मुकादम होते. चौतीस वर्षं. खड्डे, गटारं, कठडे, कोसळलेली दरड, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत लेकीबरोबर राहत होते. लेकीने लग्न केलं नव्हतं. विचारणारे दोघे आले, दोघेही ड्रायव्हर, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. दोघांचं छान चाललं होतं, भांडणं होती ती खिडकी उघडी की बंद एवढ्यावरच. पण गेल्या वर्षभरात मुकादमांनी तीनदा गॅस उघडा ठेवला. तिसऱ्यांदा खालचा टायरवाला धावत जिना चढून आला. त्याचं तरी काय चुकलं, खाली एवढं रबर भरलेलं.

मग धाकट्याने, म्हणजे तिच्या भावाने, ठरवलं की बाबांना आपल्या शहरात न्यायचं. ते शहर डोंगरापलीकडे होतं. तिथे सून दिवसभर घरात असते, नातवंडं आहेत, दवाखाना हाकेच्या अंतरावर. सगळं खरं होतं. चौकशीबाईने मान डोलावली, ‘बरंच होईल’ म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून आली.

मुकादमांनी आपलं सामान आपणच भरलं. एक ट्रंक, एक पिशवी, झालं. धाकटा गाडी घेऊन आला त्या दिवशी, कपडे घालून तयार होऊन खुर्चीत बसल्यावर मात्र म्हणाले, ‘जाताना वरून जाऊ.’

‘बाबा, बाहेर बघा तरी,’ धाकटा म्हणाला. ‘तीन दिवस ढग बसलाय. खालून जाऊ ना, आरामात झोपून याल.’

‘झोपायचं काय, मेल्यावर झोपच आहे. वरून जाऊ. एकदाच. परत काही माझं येणं होत नाही.’

‘असं काय बोलता?’

‘खरं ते बोलतो. आणि मला काय विचारतोस? तिला विचार. तिचं काम आहे ते.’

धाकट्याने बहिणीकडे बघितलं. ‘ताई, तू म्हणशील तसं. पण खरं सांग हं. तिघांचा जीव आहे गाडीत.’ तिघांचा, कारण मुकादमांनी तिलाही बरोबर घेतलं होतं. माथ्यापर्यंत चल म्हणाले, तिथून एखाद्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर उतर. नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने गोळी घेतली, पोट रिकामं ठेवलं, पर्समध्ये दोन प्लास्टिकच्या पिशव्या घड्या करून घातल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दहा वाजेपर्यंत ती खिडकीवर होती. बाहेर भुरभुर चालू होती, पाटीवरून पाणी ठिबकत होतं. वरून कुणीच येत नव्हतं. साडेनऊला दुधाचा टँकर उतरला आणि टँकरवाला लंबू खिडकीशी वाकला. लंबू पलीकडचा.

‘दिवे कुठे बंद केलेत?’

‘सहाव्याला,’ लंबू म्हणाला. ‘बाई, आज थांबत नाही, दूध वाट बघतंय.’ आणि गेला.

चोवीसातून सहा. अठरा. म्हणजे शेवटची चार-पाच वळणं सोडली तर सगळा रस्ता मोकळा! पंधरावं मोकळं, सतरावं मोकळं. तळी दिसतील, तिन्ही. बाबांना दिसतील, आणि तिला स्वतःला, गाडी लागो नाहीतर काही होवो. तिच्या छातीत इतकं काही भरून आलं की तिने नोंदवहीत ‘अठरा’ लिहिलं तेव्हा अक्षर वाकडं आलं. दुसऱ्या ड्रायव्हरसाठी थांबायला हवं होतं. तेवढ्यात धाकट्याने बाहेर येऊन हॉर्न दिला. पुढच्या पाळीचे कारकून छत्री झटकत आत आले आणि म्हणाले, ‘बाई, निघा तुम्ही, मुकादम खोळंबलेत. काय आहे आज?’ ‘अठरा,’ ती म्हणाली, बाहेर गेली, आणि पाटी फिरवून ‘चालू’ केली. कारकुनांनी काही विचारलं नाही. चौकशीबाईंनी फिरवलेल्या पाटीला कोण विचारणार?

मुकादम पुढे बसले, ती मागे ट्रंकेशेजारी. पहिली तीन वळणं तिने डोळे घट्ट मिटून, समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून काढली. चौथ्याला तिला वाटलं, बघू तरी. डोळे उघडले तर रस्ता तिच्या मनातल्यापेक्षा अरुंद होता. कठडा तिने इतकी वर्षं पांढरा धरला होता. तो करडा निघाला, शेवाळलेला, आणि दगडांच्या फटींतून बारीक गवत उगवलेलं. तिला एकदम त्या कठड्याची माया आली. इतकी वर्षं बिचाऱ्याला भलत्याच रंगात रंगवून ठेवला होता. पोटात ढवळायला लागलं होतं, पण आज तिकडे लक्ष द्यायला तिला वेळ नव्हता.

‘पाचवं,’ मुकादम म्हणाले. काच खाली करून त्यांनी हात बाहेर काढला होता आणि ओला वारा मुठीत धरल्यासारखा बोटं मिटत होते, उघडत होते.

सहाव्याला कठड्याचा रंग गेला. मग कठडाच गेला. समोरच्या काचेला कुणी आतून पांढरा कागद लावावा तसं झालं आणि धाकट्याने ब्रेक दाबला. त्याने दिवे लावले. दिव्यांनी तो पांढरा रंग आणखी पांढरा झाला.

‘पट्टा असेल एखादा,’ तो म्हणाला. ‘जाईल. ताई म्हणाली ना, अठराव्यापर्यंत मोकळं.’

गाडी रांगत पुढे निघाली. सहाव्यापासून सातव्यापर्यंत पट्टा संपला नाही. सातव्याच्या तोंडाशी चौकशीबाईला एकदम आठवलं. लंबू! लंबूने गेल्याच महिन्यात घर बदललं होतं. सासऱ्यांच्या शेजारी, अलीकडच्या गावात. आपल्या तोंडाने तिला सांगितलं होतं त्याने. इथल्या शाळेत मुलीला घ्यायला कुणाला भेटू म्हणून विचारलंही होतं. लंबू आता अलीकडचा झाला होता. त्याचं सहावं हे खालून सहावं होतं.

आणि तिला हे माहीत होतं. खिडकीशी तो वाकला तेव्हाही कुठेतरी माहीत होतंच. तिने अठरा धरलं, कारण तिला अठराच हवं होतं.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘गाडी थांबव. माझं चुकलं. ढग सहाव्यापासूनच आहे. मी उलटं मोजलं.’

धाकट्याने मागे वळून तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी कोरा राहिला, मग तापला. ‘उलटं मोजलं? ताई, मी तुला विचारलं होतं. खरं सांग म्हणालो होतो! डाव्या हाताला दरी आहे, मला माझ्या गाडीचं नाक दिसत नाही, आणि तू आता सांगतेस?’

‘हो,’ ती म्हणाली.

‘फिरवतो गाडी.’

‘इथे फिरत नाही,’ मुकादम म्हणाले. आवाजात ना राग ना घाई. ‘अकराव्याला जागा आहे, ट्रक फिरायची. त्याच्या आधी नाही. आणि ह्याच्यात तू रिव्हर्स घेणार असशील तर मला आधी इथेच उतरव.’ एवढं बोलून ते खरंच उतरले. हातात काठी, खांद्यावर लेकीचा पिवळा रेनकोट, तोही बाह्या न घालता नुसता पांघरलेला. धाकटा ‘बाबा, बाबा’ करेपर्यंत ते गाडीच्या पुढे जाऊन कठड्याला हात लावून उभे होते. ‘मी चालतो. पिवळा रंग दिसतो ना? त्याच्या मागे ये. पहिल्या गियरमध्ये. हॉर्न वाजवू नको, मला ऐकू यायला हवं.’

चौकशीबाईही उतरली. पाय जमिनीला लागले आणि पोट जागच्या जागी शांत झालं.

अशी त्यांची वरात निघाली. डाव्या हाताला कठड्याशी म्हातारे मुकादम, उजव्या हाताला कड्याशी त्यांची लेक, आणि मागे दोन मिणमिणते दिवे. दुसरं काहीच जगात उरलं नव्हतं. आवाजसुद्धा भिजून जड झाल्यासारखे जवळच पडत होते: काठीची ठकठक, गटारातलं पाणी, इंजिनाची धीमी घरघर. किती वेळ चालले कुणास ठाऊक. दर दहा पावलांवर रस्त्याचा नवा तुकडा पायापुढे तयार व्हायचा आणि मागचा पुसला जायचा. चौकशीबाईला आधी भीती वाटत होती, मग लाज वाटत होती, आणि आठव्या वळणाच्या पुढे तिला कळलं की आपल्याला फार बरं वाटतंय. इतकं बरं वाटणं शोभत नव्हतं, पण वाटत होतं खरं.

मुकादमांचा हात कठड्यावरून सुटत नव्हता. मध्येच थांबून ते एखादा दगड चाचपायचे.

‘हा बघ. हा बसवत होतो तेव्हा तू झालीस. माणूस निरोप घेऊन आला वर. म्हटलं, चुना कालवलाय, दगड बसवून येतो.’

‘आई सांगायची.’

‘आई शेवटपर्यंत सांगायची!’ मुकादम हसले. ‘जो येईल त्याला सांगायची. दगड आधी, पोरगी मग. पण बघ ना, हललाय का?’

तिने रस्ता ओलांडून दगडाला हात लावला. थंड, खरखरीत, आणि जाम पक्का. वडिलांचा हात तिच्या हाताला लागला, तोही तसाच होता. ती आपल्या बाजूला परत गेली. नवव्याला कड्यावरून खरंच पाणी झिरपत होतं. तिने ओंजळ धरली आणि तोंडावरून फिरवली.

अकराव्याला रस्ता रुंदावला. मुकादमांनी काठी आडवी धरली, गाडी थांबली, धाकटा उतरला. त्याचा राग एव्हाना उतरून गेला होता. चार वळणं बापाच्या पाठीमागे पहिल्या गियरमध्ये चालवल्यावर कुणाचाही उतरला असता. तिघे त्या मोकळ्या जागेत उभे राहिले. तेव्हा मुकादमांनी मान वर केली आणि बराच वेळ खाली केली नाही.

‘काय झालं, बाबा?’

‘वर ऊन आहे.’

खरंच, डोक्यावरचा पांढरा रंग तसा पांढरा राहिला नव्हता. त्यात पिवळसर झाक आली होती, पडद्यामागे दिवा असावा तशी. ‘ढग जाड नाही हा,’ मुकादम म्हणाले. ‘असा ढग सहाव्याला धरतो आणि पंधराव्याला सोडतो. पंधराव्यापासून वर सगळं लख्ख असणार. खाली नुसता ढग भरलेला आणि आपण त्याच्यावर.’ त्यांचा आवाज मऊ झाला होता. ‘तसं दोनदाच बघितलंय मी.’

‘मग चला ना!’ धाकटाच म्हणाला. ‘इथवर आलोय. तुम्ही असेच पुढे चाला, मी मागे येतो. चारच वळणं.’

चौकशीबाईच्या जिवात जीव आला. आपल्या चुकीतूनही बाबांना त्यांचा रस्ता मिळणार होता, आणि कसा, तर वर्षानुवर्षांत एखाद्यालाच दिसतो तसा! तिने वडिलांचा रेनकोट सावरला. ‘चला, बाबा.’

मुकादमांनी पाऊल उचललं आणि तसंच थांबवलं. ते कान देऊन ऐकत होते. मग तिलाही ऐकू आलं. खालून, ढगाच्या पोटातून, इंजिनाचा आवाज चढत होता.

‘कोण असेल?’ धाकट्याने विचारलं.

चौकशीबाईला माहीत होतं. ‘कुणीही,’ ती म्हणाली. ‘पाटी चालू आहे. मी फिरवलीय.’ तिने फोन काढून बघितला. इथे फोन कधीच लागत नाही, हे ती स्वतःच लोकांना कित्येक वर्षं सांगत आली होती.

वर पिवळी झाक थोडी वाढली होती.

‘ह्या गाडीला इथून वळवू,’ ती घाईघाईने म्हणाली. ‘सांगू त्यांना, खाली जाऊन कारकुनांना निरोप द्या म्हणून. आणि आपण वर जाऊ. चारच वळणं आहेत, बाबा.’

‘आणि ते निरोप विसरले तर? आणि त्यांच्या मागून येतात ते?’

‘येणार नाही कुणी. आज रहदारीच नाही.’

मुकादम तिच्याकडे बघत राहिले. रागावून नाही, लहानपणी पाढा चुकला की बघायचे तसं, तिचं तिला आठवेपर्यंत. कुणी येणार नाही हे तिला माहीत नव्हतं. तिला तसं हवं होतं, इतकंच, आणि सकाळीही इतकंच झालं होतं.

‘बाबा,’ ती म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना, ‘तुमचं परत येणं होणार नाही. तुम्हीच म्हणालात. माझ्यामुळे राहील तुमचं.’

‘राहील,’ मुकादम म्हणाले. ‘मलाही वाईट वाटतंय. खूप वाटतंय. रडू नको आता, नाक पूस. माणसं येतायत.’

दोन अंधुक दिवे वळणावरून वर आले. मुकादम रस्त्याच्या मधोमध गेले आणि त्यांनी उजवा हात खांद्याच्या वर उचलला. खिडकी, पाटी, नोंदवही हे सगळं नंतर आलेलं. त्याआधी ढग उतरला की मुकादमच रस्त्यात असा उभा राहायचा, आणि रस्ता बंद व्हायचा. गाडी थांबली. काच खाली झाली. आत एक माणूस, शेजारी त्याची बायको, मागे दोन पोरं आणि भरपूर सामान. माणसाचे हात स्टिअरिंगवर आवळलेले होते.

‘काका, काय झालं? खाली तर रस्ता चालू आहे म्हणून पाटी होती. चौकशीतल्या बाईंनी सांगितलं म्हणे.’

चौकशीबाई पुढे झाली. ‘त्या बाई मीच,’ असं म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं.

‘चालू होता,’ मुकादम म्हणाले. ‘मी बंद केलाय.’

‘तुम्ही कोण?’

म्हाताऱ्याने पाठ सरळ केली. पिवळा रेनकोट खांद्यावरून घसरला, तो त्यांनी सावरला नाही.

‘मुकादम,’ ते म्हणाले.

त्या माणसाने रिव्हर्सचा गियर टाकला. मुकादमांनी काठीने खुणा करत त्याची गाडी फिरवून घेतली, ‘ये, ये, अजून ये, बस,’ आणि बॉनेटवर थाप मारून तिचं तोंड उताराला लावून दिलं. ‘सावकाश. सहाव्याला सुटाल ढगातून. दिवे तिथे बंद करा.’ मग ते आपल्या गाडीत जाऊन बसले आणि सीटचा पट्टा लावून धाकट्याला म्हणाले, ‘चल. खिडकीपाशी थांब, पाटी फिरवायची आहे. मग खालच्या रस्त्याने जाऊ.’

धाकट्याने गाडी फिरवली. मागच्या काचेतला उजेड दोन वळणांपर्यंत सोबत आला आणि मग नाहीसा झाला. चौकशीबाई मान वळवून तो जाईपर्यंत बघत होती. मुकादमांनी मागे बघितलं नाही. ते पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत होते, ती कठड्यापासून नीट अंतर राखून चाललीय ना, ते.